गोडं पाणी आणि गाडीचा पत्रा

आगाशीत लोखंड लवकर म्हातारं होतं. खिडकीचे गज दर दोन-तीन वर्षांनी खरवडून रंगवावे लागतात. दाराची कडी पितळेची असेल तरच टिकते. सायकलच्या चेनला पंधरा दिवस तेल मिळालं नाही की ती कुरकुरायला लागते. अर्नाळ्याचा समुद्र इथून फार तर तीनेक किलोमीटर. मधे केळीच्या वाड्या, घरं आणि किनाऱ्यालगत सुरूची झाडं. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की अंगाला बरं वाटतं, पण तोच वारा लाटांच्या फेसातलं बारीक मीठ घेऊन गावात शिरतो. माणूस संध्याकाळी आंघोळ करतो आणि मीठ उतरतं. पत्र्याचं काय?

आमच्या अंगणातल्या छोट्या पांढऱ्या गाडीला येत्या वर्षी पंधरा वर्षं होतील. म्हणजे पुन्हा नोंदणी. आरटीओत गाडी तपासली जाते आणि पत्रा सडलेला असेल तर अडचण येते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईला रिक्षाचे गचके सोसत नाहीत, एसटीच्या पायऱ्या चढणं तर दूरच. महिन्यातून दोनदा तिला वसईला दवाखान्यात न्यावं लागतं. नवी गाडी आमच्या हिशेबात बसत नाही. त्यामुळे या गाडीचा खालचा पत्रा हा आमच्या घरात काळजीचा विषय आहे.

लोकांना वाटतं, गाडी गंजते ती पावसाळ्यात. आमचे मिस्त्री मात्र वेगळं सांगतात. गेली तीसेक वर्षं ते या पट्ट्यातल्या गाड्या उघडून बघताहेत. "पाऊस काय, धुऊन तरी जातो," ते म्हणतात, "खरा घात दसऱ्यानंतर." याचं शास्त्र सोपं आहे. लोखंड गंजायला पाणी आणि हवा लागते. त्या पाण्यात मीठ असलं की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची क्रिया झपाट्याने होते. शिवाय मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की कोरडं दिसणारं मीठही विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओलावा धरतात. ऑक्टोबर ते मे पाऊस नाही, म्हणजे वाऱ्याने आणलेलं मीठ धुतलं जात नाही, थरावर थर साचतो. थंडीत पहाटे दव पडतं आणि तो थर रोज रात्री भिजतो. बाहेर सगळं कोरडं ठणठणीत दिसत असताना गाडीच्या पोटाखाली मात्र मिठाचं पाणी आपलं काम करत असतं.

माझा भाचा टोरंटोला असतो. त्याच्याकडे हेच मीठ आभाळातून नाही, ट्रकमधून येतं. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून बर्फ वितळवायला तिथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. तेच चाकांबरोबर उडून गाडीच्या तळाला बसतं. हिवाळ्याआधी तो गाडीच्या खालून तेलाचा फवारा मारून घेतो. त्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार पटली. मीठ लागलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली तर ती उलट लवकर गंजते. बाहेरच्या कडाक्यात गंज मंदावतो, उबेत बर्फाचं पाणी होतं आणि गंजाला जोर येतो. मी त्याला म्हटलं, "बाबा रे, आमच्याकडे बारा महिने उबदार गॅरेजच आहे."

त्यामुळे तिकडचे उपाय इकडे जसेच्या तसे चालत नाहीत. ताडपत्रीसारखं प्लास्टिकचं कव्हर गाडीवर घट्ट ओढून ठेवणं इथे चांगलं नाही, कारण आत ओलावा कोंडतो. छपराखाली, पण वारा खेळेल अशा जागी गाडी उभी केलेली बरी. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की दरवाजा आतून सडतो, आणि फुगलेला रंग दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. समोरच्या काचेखालच्या खाचेत आमच्याकडे सुरूच्या काड्या साचतात. त्या काढायला जुना टूथब्रश पुरतो. खालच्या पत्र्याला काळं रबर कोटिंग मारून घेणाऱ्यांना मिस्त्री एकच गोष्ट बजावतात. आधीचा गंज खरवडून, पत्रा पूर्ण सुकवून, त्यावर प्रायमर मारूनच कोटिंग. नाहीतर आत मीठ आणि ओल, वर काळं झाकण. वरून चकाचक आणि आतून पोकळ. दरवर्षी ते स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आमच्या गाडीचा तळ ठोकत जातात. टणक आवाज आला की पुढे सरकतात. भदभद आवाज आला तर थांबतात. यंदा मागच्या चाकाजवळ, तळहाताएवढ्या जागेत थांबले. तेवढा पत्रा कापून नवा जोडला.

पण या सगळ्याहून मोठा उपाय म्हणजे पाणी. दर आठ-पंधरा दिवसांनी गाडीचं पोट आणि चाकांच्या वरच्या कमानी गोड्या पाण्याने धुवायच्या, बस. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही बाटलीपेक्षा याचा गुण मोठा. आणि नेमकी इथेच आगाशीची गोष्ट गाडीपुरती राहत नाही.

आमच्या वाडीत विहीर आहे. मी लहान असताना मे महिन्यातही ते पाणी पीत असू. आता होळीनंतर ते मचूळ लागतं. अशा पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ मिठाने धुणं. किनाऱ्यावर जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी जड. भूजलवाल्यांचा ठोकताळा असा की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी तोलून धरलेलं असतं. म्हणजे उपसा करून वरचं फूटभर पाणी घालवलं की खालून तितक्याच पटीने खारं पाणी वर सरकू शकतं. वसईत विहिरींतून टँकर भरून नव्या इमारतींना पाणी पुरवलं गेलं, त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने आवाज उठवला, तो याच भीतीपोटी. केळीच्या आणि पानांच्या वाड्या सुकतील, हे त्यांना दिसत होतं. लोखंडाचा विचार तेव्हा कुणाच्या मनात असेल असं वाटत नाही, पण मुळं आणि पत्रा यांचा वैरी एकच.

राहिलं नळाचं पाणी. ते ठरल्या वेळी येतं आणि आधी स्वयंपाकाला, मग आईच्या आंघोळीला जातं. गाडीसाठी त्यातलं काढणं मला पटत नाही. म्हणून पावसाळ्यात कौलांच्या पन्हाळीखाली दोन मोठी पिंपं लावली. चारशे लिटर पाणी झाकून ठेवलं तर काटकसरीने जानेवारीपर्यंत पुरतं. फवाऱ्याच्या पंपाने खालून धुतलं तर एका वेळी दोन बादल्या पुरतात. जानेवारीनंतर विहिरीच्या पाण्याची चव घ्यायची. गोडं लागलं तर तेच वापरायचं. मचूळ झालं की थांबायचं आणि मिस्त्रींकडून तळाला तेल फवारून घ्यायचं.

जुन्या लोकांकडे लोखंड कमी होतं आणि जे होतं त्याला तेलाचा हात रोज लागे. जस्ताचा लेप दिलेला पत्रा आपल्या काळातला, पण त्यामागची कल्पना त्यांना आवडली असती. लोखंडाआधी जस्त स्वतः झिजतं आणि आतल्याला वाचवतं. आमच्या किनाऱ्यावर हेच काम आजवर जमिनीखालच्या गोड्या पाण्याने केलं आहे. ते झिजत गेलं म्हणून आपण टिकलो. गाडीला अजून पाच वर्षं मिळतील की नाही, ते आरटीओच्या तपासणीत ठरेल. विहिरीची तपासणी कुणी करत नाही. ती आपणच, दर होळीला, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन करायची.