वत्सगुल्माच्या शेतांत

गेल्या आश्विनांत आम्ही वाशीमास गेलों, तें प्राचीन वत्सगुल्म पाहावें म्हणून. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखरानें काव्यपुरुषाचा विवाह साहित्यविद्येशीं लाविला, तो याच नगरांत. दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकांतला ताम्रपट येथलाच. त्यांत राजाची वंशावळ संस्कृतांत आहे, गांव ब्राह्मणांस दान दिल्याचा मजकूर मात्र प्राकृतांत. त्या गांवांत सैनिकांनीं शिरूं नये, पाळीपाळीनें बैल धरूं नयेत, फुलें व दूध घेऊं नये, अशा सवलती लिहिल्या आहेत. एका गांवीं जें मुद्दाम वर्ज्य केलें, तें इतर गांवीं चालत असलें पाहिजे, हें उघड आहे.

पद्मतीर्थ व बालाजी यांचें दर्शन घेऊन आम्ही एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतावर मुक्कामास गेलों. पहांटे उठून पाहतों तों सोयाबीन सोंगणीस आलेलें, वर आभाळ दाटलेलें, आणि पंधरा-वीस माणसें, त्यांत बायकाच अधिक, विळे बाजूस ठेवून धुऱ्यावर स्वस्थ बसलेलीं! एकरामागें किती द्यावयाचे हें ठरल्याखेरीज कोणी उठेना.

“मावशी, पाऊस आला तर दाण्यांस मोड फुटतील,” यजमान काकुळतीस येऊन म्हणाले.

त्यांतली वडीलधारी बाई शांतपणें उत्तरली, “दादा, पावसाची घाई तुमाले, पोटाची आमाले. दोन्ही घाया सारख्या मोजा ना.”

भाव वाढला, आणि विळे चालूं लागले. यजमान आम्हांस म्हणाले, “गुरुजी, सोंगणीचे आठ दिवस राज्य यांचें. वैशाखांत हींच माणसें उचलीसाठीं माझ्या दारीं येतात. तेव्हां भाव मी सांगतों.”

त्यांच्या प्रामाणिकपणाचें आम्हांस कौतुक वाटलें. आणि आमच्या घरची एक गोष्ट आठवली. वडिलांच्या वेळीं आमच्याकडे एक सालगडी असे. गुढीपाडव्यास साल ठरे, पैसे आधींच उचललेले असत, म्हणून वर्षभर मान वर करण्याची सोय नसे. त्याचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यांत निराळा असे. तो त्यानेंच विसळून ठेवावयाचा. एका पाडव्यास तो साल ठरविण्यास आला नाहीं. आदल्या सायंकाळीं सगळी उचल फेडून त्यानें तो कप ओट्यावर पालथा ठेवला व कांहीं न बोलतां निघून गेला. ‘माजला’ असें घरांत सर्व म्हणाले, आम्हीहि म्हणालों.

पुढें कळलें कीं, तो रोजगार हमीच्या कामावर खडी फोडीत होता. महाराष्ट्रानें हा कायदा १९७७ सालीं केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. खडी फोडणें सालदारकीहून सोपें नव्हे. परंतु तेथें एक दुसरें दार होतें. दुसरें दार असल्याखेरीज पहिल्या दारांतून ताठ मानेनें बाहेर पडतां येत नाहीं, हें आम्हांस त्या धुऱ्यावर उमगलें.

ताम्रपटांत दान घेणाऱ्यांचीं नांवें आहेत, गोत्रें आहेत. नांगर धरणाराचें नांव नाहीं. वडिलांच्या वहींत आमच्या गड्याचें नांव आहे, पुढें उचल आहे, आणि ‘फिटली’ असा शेरा आहे. त्या कपाचा हिशेब मात्र मांडलेला नाहीं. ती बाकी त्याची आमच्याकडे आहे.