उतारवयातील अधीरता

चित्रकलेच्या दरबारात लिनोलियमला मानाचे आसन कधीच नव्हते. जवसाचे तेल घट्ट करावे, त्यात बुचाचा भुगा कालवावा आणि ते मिश्रण तागाच्या कापडावर थापावे, अशा कृतीने सिद्ध झालेला हा पदार्थ इंग्लंडातील फ्रेडरिक वॉल्टन याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनीवर अंथरण्यासाठी निर्माण केला. पुढे लाकडाहून मऊ आणि स्वस्त म्हणून चित्रशिक्षकांनी तो मुलांच्या हाती दिला आणि मातिससारख्या काही मोजक्यांनी त्यावर मन लावून काम केले. परंतु शाळेची छाप त्याच्यावरून पुसली गेली नाही ती नाहीच. अशा या उपेक्षित द्रव्याकडे पाब्लो पिकासो सत्तरी गाठताना वळला आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर त्यात रमून गेला, याचे कारण शोधताना समीक्षक प्रतिभेच्या नित्यनूतनतेचा दाखला देतात. मला मात्र त्यामागे एक अगदी व्यावहारिक गोष्ट दिसते: या वृद्धाला वाट पाहणे मुळीच मंजूर नव्हते.

१९४८ मध्ये पिकासो दक्षिण फ्रान्समधील वालोरिस या कुंभारांच्या गावी राहावयास आला; तेथील मादुरा कारखान्यात त्याचे मातीकाम त्याआधीच सुरू झाले होते. गावातील मृत्पात्रांच्या प्रदर्शनांसाठी आणि बैलझुंजींसाठी जाहिरातीचे फलक हवे असत. ते लिनोवर कोरावे आणि गावातल्याच इदाल्गो आर्नेरा या तरुण मुद्रकाने छापावेत, असा परिपाठ १९५० च्या दशकाच्या आरंभी पडला. शिळामुद्रणासाठी पॅरिसला मुर्लोचा नामांकित छापखाना होता खरा, परंतु तेथून प्रूफ येईपर्यंत पिकासोच्या मनातील चित्र तीनदा बदललेले असे. आर्नेराचे तसे नव्हते. रात्री कोरलेली पाटी सकाळी त्याच्या यंत्रावर चढे आणि दुपारी ओलसर छाप चित्रकाराच्या समोर हजर होई.

१९५८ च्या जुलैमध्ये त्याने लुकास क्रानाख धाकटा याच्या एका स्त्रीचित्रावरून मोठे रंगीत लिनोचित्र केले. मूळ चित्र त्याच्यापुढे होते ते केवळ कानवायलर या त्याच्या विक्रेत्याने पाठवलेल्या पोस्टकार्डाच्या रूपाने. प्रत्येक रंगासाठी वेगळी पाटी कोरण्याची रूढ रीत त्याने येथे पाळली, आणि त्या रीतीत एका पाटीची दुसरीशी केसाइतकी तंतोतंत जुळणी करण्याचे जे किचकट काम असते, त्याने तो वैतागला. चित्र देखणे उतरले. रीत मात्र त्याच्या मनातून उतरली.

त्यानंतर, १९५९ पासून, सर्व रंगांना एकच पाटी पुरवण्याचा मार्ग त्याने धरला. (या युक्तीचे जनकत्व सर्वस्वी त्याला बहाल करावे की नाही, हा वाद जाणकारांनी खुशाल चालवावा.) फिका रंग आधी छापावयाचा, त्यातले जेवढे फिके राहावयास हवे तेवढे पाटीवरून कोरून काढावयाचे, मग त्याच कागदांवर त्याच पाटीने गडद रंग चढवावयाचा, पुन्हा कोरावयाचे, पुन्हा छापावयाचे. असे करीत पाटी झिजत जाते, चित्र भरत जाते, आणि अखेरीस चित्र पुरे होते तेव्हा पाटीवर शेवटच्या रंगापुरताच उंचवटा उरलेला असतो. पहिल्याच रंगाच्या वेळी सर्व प्रतींचे कागद छापून ठेवावे लागतात, कारण पुढची कोरणी चालली की मागची अवस्था कोणत्याही अपिलाने परत मिळत नाही. आयुष्यभर एका चित्राखाली दहा चित्रे गाडून पुन्हा दहा उकरून काढणाऱ्या या माणसाने ही अट स्वीकारली, याचे मला राहून राहून नवल वाटते. बैल, भालाईत, बासरी वाजवणारे वनदेव, सहचरी जॅकलिनचा भरदार मानेचा चेहरा, हे सारे त्याने या बिनतक्रार शिस्तीत कोरले.

१९६२ मधील दिव्याखालच्या पेल्याचे आणि फळांचे चित्र मला यात श्रेष्ठ वाटते. त्याची टप्प्याटप्प्याने काढलेली प्रुफे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि ती ओळीने पाहताना ध्यानात येते की त्यातील प्रकाश रंगाने दिलेला नसून वेळीच काढून घेतलेल्या लिनोने दिलेला आहे. दिव्याभोवतीचे झगझगीत किरण हे हत्याराचे सरळ, उघडे ओरखडे होत. त्यांना गोंजारून मऊ करण्याची तसदी त्याने घेतलेली नाही.

याचे अर्धे श्रेय आर्नेराला द्यावयास हवे. शाईचा दाटपणा, कागदाची बैठक, यंत्राचा दाब ही त्याची जबाबदारी, आणि धनी लहरी. पुढे त्या लहरीने आणखी एक खोडी काढली: पाटी पांढऱ्या तेलकट शाईने पांढऱ्या कागदावर छापावयाची, म्हणजे दिसावयाचे काहीच नाही; मग साऱ्या कागदावर काळी चिनी शाई फिरवून तो न्हाणीत पाण्याखाली धरावयाचा. तेलकट रेघांवरची शाई वाहून जाई, कोऱ्या कागदात मुरलेली राही, आणि चित्र अंधारातून वर येई. या धुतलेल्या छापांतला काळा रंग ढगाळ आणि बेशिस्त असतो. तो मला दिव्याच्या चित्राइतका आवडत नाही, पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाने न्हाणीत उभे राहून केलेला तो खटाटोप मला मनापासून आवडतो.

१९६३ मध्ये क्रोमेलिंक बंधूंनी मूजाँ येथे, म्हणजे पिकासो आता जेथे राहत होता त्याच गावी, ताम्रमुद्रणाचा छापखाना थाटला. वालोरिसही फार दूर नव्हते. पण हे त्याहून जवळ होते. लिनोची हत्यारे हळूहळू बाजूला पडली, आणि १९६८ मध्ये त्याने अवघ्या काही महिन्यांत तांब्यावर ३४७ चित्रे कोरून काढली.