आंबागडचे पाणी

भंडारा म्हटले की लोकांना तांदूळ, तलाव आणि पितळेची भांडी आठवतात. त्याच जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या एका टेकडीवर आंबागड नावाचा किल्ला आहे, हे आमच्या प्राध्यापकमंडळींतही फारसे कुणाच्या गावी नव्हते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या अमलात शिवनीचा सुभा सांभाळणाऱ्या राजाखान पठाणाने तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढे नागपूरकर रघूजी भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. किल्ल्यातल्या विहिरीचे कुजके, साचलेले पाणी पाजून कैदी मारीत, असे सांगतात.

तुमसरकडच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहाने मी रोवणीच्या दिवसांत तेथे गेलो. धापा टाकीत वर पोहोचलो. बुरुजांत झाडांनी मुळे खुपसली आहेत; तटाचा दगड न् दगड सुटू पाहतो आहे. खाली मात्र बांध्याच बांध्या, आणि त्यांत आभाळ उतरलेले! वर कोंडलेले पाणी माणसे मारीत होते आणि खाली धुऱ्याधुऱ्यांवरून उतरणारे पाणी माणसे पोसते आहे. चिनी साधू लाओत्झू याची मला तेथे आठवण झाली. त्याच्या नावावर असलेल्या ८१ प्रकरणांच्या छोट्याशा ग्रंथात पाण्याचे मोठे कौतुक आहे: ते कुणाशी भांडत नाही, सखल जागी जाते, आणि तरी कठीणाला झिजवते. या वागण्याला तिकडे ‘वू वेइ’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘न करणे’.

आता ‘न करणे’ म्हटले की आमच्यापैकी पुष्कळांना हायसे वाटते! पण वर्गात ज्ञानेश्वरीचा चौथा अध्याय शिकवताना हाच प्रश्न दरसाल उभा राहतो. शके १२१२ मधल्या त्या ग्रंथात, नावेत बसलेल्याला काठावरची झाडे धावताना दिसतात, हा दृष्टांत आहे. धावणे झाडांचे नव्हे. सूर्यही न चालता चालतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनीही अकर्माची उकल करायला सूर्यच घेतला. कर्म चालू असावे, कर्त्याची ओढाताण नसावी, असा काहीसा तो भाव. आंबागडच्या तटाची पडझड ही यातली नव्हे. ती निव्वळ हेळसांड आहे, आणि तिला तत्त्वज्ञानाची शाल पांघरू नये.

खरे उदाहरण खाली होते. या मुलखातले जुने तलाव कोहळी लोकांनी बांधले. उतार कुठे, ओढा कुठून येतो, पाळ कुठे घातली म्हणजे थोडक्या मातीत पुष्कळ पाणी थांबेल, हे त्यांनी नजरेने ओळखले. मग एका तलावाचे पाणी खालच्या बोडीत, बोडीचे बांधीत. उपसा नाही, यंत्र नाही. सारे काम उताराने करायचे. पण गाळ काढणे आणि पाळ दुरुस्त करणे चुकत नसे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि कित्येक ठिकाणी हे वर्षाचे काम कुणाचेच उरले नाही. तलाव उथळ झाले. ‘आपोआप’ला किती हात लागतात, ते तेव्हा कळले.

च्वांगत्झूच्या ग्रंथात एक खाटीक आहे. सांध्यांच्या मोकळ्या जागा हेरून कापतो म्हणून त्याची सुरी १९ वर्षे नव्यासारखी राहते. रोवणीच्या बायांचे हात पाहताना तो आठवला. बोलणे शेजारणीशी, डोळे भलतीकडे, आणि पऱ्हे मात्र सारख्या अंतरावर चिखलात उभे! मी एकीला तसे म्हटले, तर ती कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

“हाताले काई नाई होत जी,” ती म्हणाली, “कंबर रातभर झोपू देत नाई.”

लाओत्झूला ही बाई भेटली असती तर त्याने आणखी एखादे प्रकरण लिहिले असते, असे मला वाटते.

धुऱ्यावर एक म्हातारबा फावडे घेऊन उभे होते. पाणी कुठे किती सोडायचे हे कसे ठरवता, असे मी विचारले.

“मी कायले ठरवतो जी? पाण्याले उतार ठाऊक हाये.”

त्यांनी धुऱ्याचा ओंजळभर चिखल बाजूला सारला आणि खाली बसून बिडी पेटवली. पाणी खालच्या बांधीत उतरू लागले. माझ्या मते अजून बरेच मावले असते. पण बिडी अर्धी झाली तशी ती विझवून कानामागे खोचीत म्हातारबा उठले, आणि तेवढाच चिखल त्यांनी पुन्हा जागेवर थापला.