चुकलेला फटका आणि उलटा उपाय

गोल्फचा चेंडू जागेवर स्थिर असतो. क्रिकेटप्रमाणे तो अंगावर धावून येत नाही आणि मारणाऱ्याला कसली घाईही नसते. तरीही शेहेचाळीस ग्रॅमांहून किंचित हलका असलेला हा चेंडू भल्याभल्यांना नमवतो. कारण या खेळात फटका बिघडला की मन जो उपाय सुचवते, तो बहुधा उलटा असतो. तेरीज जुळली नाही तर कसलेला मुनीम शेवटचा आकडा खोडत बसत नाही. तो रोजकीर्दीपर्यंत मागे जाऊन चुकलेली नोंद शोधतो. हौशी गोल्फपटू मात्र शेवटचा आकडाच खोडत राहतो.

सर्वाधिक आढळणारा बिघाड म्हणजे स्लाइस. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत उजवीकडे वळत झाडीत शिरतो. चेंडू उजवीकडे जातो, तर नेम डावीकडे धरावा, असा वरकरणी व्यवहारी वाटणारा विचार खेळाडू करतो आणि तेथेच त्याची फसगत होते. क्लब, म्हणजे मारण्याची काठी, चेंडूला टेकलेली असते ती सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. त्या क्षणी क्लबच्या पात्याचे तोंड जिकडे असेल, मुख्यतः तिकडे चेंडू निघतो. आणि ते तोंड व क्लबचा मार्ग यांच्या दिशांत जितकी तफावत, तितका तो पुढे वळतो. पूर्वी याच्या उलट शिकवले जाई, की चेंडू निघतो क्लबच्या मार्गाने आणि वळतो तोंडाच्या दिशेने. रडारवर चालणारी मोजणीयंत्रे आल्यावर ही समजूत मागे पडली. नेम डावीकडे धरला की क्लबचा मार्ग आणखी डावीकडे सरकतो, तोंड उजवीकडे उघडेच राहते, तफावत वाढते आणि चेंडू पूर्वीपेक्षा जास्त वळतो.

चुकलेली नोंद पुष्कळदा पकडीत सापडते. डावा हात क्लबवर किंचित उजवीकडे फिरवून धरावा. वरून पाहताना त्याच्या बोटांच्या मुळाशी असलेले दोन-तीन उंचवटे दिसले पाहिजेत. ही पकड आरंभी अवघड वाटते. काही दिवस चेंडू डावीकडेही पळेल. त्याने घाबरून जुन्या पकडीकडे परतणारेच अधिक, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरा बिघाड जमिनीशी निगडित आहे. क्लब चेंडूच्या माथ्याला लागतो आणि चेंडू गवतावरून सरपटत जातो, किंवा क्लब चेंडूमागच्या मातीत रुततो आणि चेंडू चार पावलांवर पडतो. पहिल्या प्रसंगी शेजारी उभा असलेला प्रत्येक जण ‘मान वर केलीत’ असे सांगतो. इतका स्वस्त आणि इतका निरुपयोगी सल्ला क्वचितच दुसरा असेल. हे दोन्ही फटके पुष्कळदा एकाच दोषाची अपत्ये असतात. चेंडू उंच जावा म्हणून खेळाडू त्याला खालून उचलू पाहतो, शरीराचा भार मागच्या पायावर राहतो आणि क्लबच्या झोक्याचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. वस्तुतः उचलण्याचे काम पात्याचा उतार करतो. खेळाडूने भार पुढच्या पायावर घेऊन खाली मारायचे असते. टीवर ठेवलेल्या चेंडूला ड्रायव्हरने मारताना हा नियम बदलतो, पण जमिनीवरच्या चेंडूला आयर्नने मारताना तो पक्का आहे. तपासणीही सोपी आहे. सरावाच्या जागी जमिनीवर एक आडवी रेघ ओढावी, चेंडू न ठेवता क्लब फिरवावा आणि गवत कोठे खरवडले ते पाहावे. रेघेपुढे खूण उमटली तर ठीक. मागे उमटली तर मान कितीही खाली ठेवून लाभ नाही.

शँक या फटक्याचे नावही अनेक गोल्फपटू तोंडी आणत नाहीत, अपशकुन मानतात. पाते आणि दांडी जेथे जोडलेली असतात त्या गोल भागाला चेंडू लागतो आणि काटकोनात उडाल्यासारखा उजवीकडे जातो. येथेही सहज सुचणारा उपाय म्हणजे चेंडूपासून दूर उभे राहणे. पण दूर उभे राहिल्यावर माणूस चेंडू गाठण्यासाठी पुढे वाकतो, भार चवड्यांवर येतो, हात शरीरापासून लांब जातात आणि शँक कायम राहतो. भार पावलाच्या मध्यावर ठेवला तर तो बहुतेकदा थांबतो.

मात्र काही बिघाड असे असतात, की त्यांची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. ऑस्ट्रेलियाचे इयन बेकर-फिंच यांनी 1991 मध्ये रॉयल बर्कडेल येथे ब्रिटिश ओपन जिंकली. पुढे फटक्याची लांबी वाढवण्याच्या ओढीने त्यांनी आपल्या झोक्यात बदल केले आणि घडी विस्कटली. 1995 च्या ओपनमध्ये सेंट अँड्र्यूज येथे ते अर्नॉल्ड पामर यांच्याबरोबर खेळत होते. तेथे पहिले आणि अठरावे फेअरवे एकमेकांना लागून असल्याने समोर शंभराहून अधिक यार्ड रुंद मोकळे मैदान पसरलेले असते. त्यांचा पहिलाच फटका ते सारे ओलांडून डावीकडे हद्दीबाहेर गेला. सरावाच्या मैदानावर याच बेकर-फिंच यांचे फटके निर्दोष पडत. स्पर्धेच्या टीवर उभे राहिले की ते हरवत. 1997 मध्ये रॉयल ट्रून येथे पहिल्या फेरीत 92 फटके लागल्यावर त्यांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले. पुढे ते दूरचित्रवाणीवर समालोचक झाले आणि वर्षानुवर्षे इतरांचे फटके प्रेक्षकांना समजावून सांगत राहिले.