पाहुणे आपण, घर त्यांचं

बालदोस्तांनो, कोळणीच्या टोपलीतला चपटा, पतंगासारखा पाकट मासा पाहिलाय ना? त्याचाच एक थोरला नातलग आहे, मांटा. स्पॅनिश भाषेत मांटा म्हणजे घोंगडी! प्रवाळांजवळ राहणारा मांटा ३ ते ४ मीटर रुंद भरतो. भर समुद्रातली दुसरी जात तर ७ मीटरपर्यंत वाढते. पण पाकटासारखी नांगी याला नसते, बरं का! तोंड उघडं ठेवून पोहायचं आणि पाण्यातले बारीक जीव गाळून खायचे, असा हा भला प्राणी.

माझा धाकटा भाऊ मालदीवमध्ये नोकरीला आहे. (नाहीतर शाळेतल्या बाईंना कुठलं आलंय मालदीव!) एका दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे गेले. 'बा' नावाच्या बेटांच्या समूहात चार दिवस स्कूबा शिकले, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली वावरायला शिकले. पाचव्या दिवशी मांटा पाहायला निघालो, तर होडीत शिकवणाऱ्या दादांनी आधी आमचा तासच घेतला. मांटापासून निदान ३ मीटर दूर राहायचं. पाठलाग करायचा नाही. वाट अडवायची नाही. आपले बुडबुडे त्याच्या अंगावर जाऊ द्यायचे नाहीत. आणि हात लावायचा नाही म्हणजे नाही!

"का?" मी विचारलं. अगदी तुम्ही वर्गात विचारता तसंच.

दादा म्हणाले, "त्याच्या कातडीवर बुळबुळीत थर असतो. तो त्याला रोगजंतूंपासून वाचवतो. आपण हात लावला, तर तो थर निघतो. शिवाय आपण जातोय ती जागा म्हणजे मांटाचं न्हाणीघर. तिथले छोटे मासे त्याच्या अंगावरचे किडे आणि मेलेली कातडी खाऊन त्याला स्वच्छ करतात. माणसांनी गर्दी केली, तर तो आंघोळ अर्धी टाकून निघून जातो."

१२ मीटर खाली आम्ही प्रवाळांपासून दूर, वाळूवर गुडघे टेकून बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग निळ्या पाण्यातून एक सावली आली. पंख संथ हलवत मांटा खडकावर थबकला. लगेच इवले मासे कामाला लागले! त्याच्या पांढऱ्या पोटावर काळे ठिपके होते. प्रत्येक मांटाची ही नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. अभ्यासक त्यावरूनच त्यांना ओळखतात. मला इतका आनंद झाला, की टाळ्या वाजवाव्यात! पण हात छातीशी घट्ट धरून ठेवले.

तेवढ्यात आमच्यातले एक गृहस्थ कॅमेरा घेऊन सरळ त्याच्याकडे पोहत गेले. मांटाने एक गिरकी घेतली आणि तो दिसेनासा झाला. आम्ही टाक्यांतली हवा पुरेल तोवर वाट पाहिली. तो परत आला नाही.

आमची मजा गेली, हे खरं. पण त्याची आंघोळ राहिली, त्याचं काय? मांटाच्या मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, तेही दरवर्षी नाही. म्हणून त्यांना फार जपावं लागतं. याच बेटांत हनिफारू नावाची छोटी खाडी आहे. पावसाळी वाऱ्यांच्या दिवसांत तिथे खाऊ साचतो आणि कधी कधी शंभरावर मांटा जेवायला जमतात. २००९ मध्ये ती खाडी संरक्षित झाली आणि २०१२ पासून तिथे स्कूबाला बंदी आहे. वर तरंगूनच पाहायचं, तेही ठरलेल्या वेळात.

सुट्टीनंतर आम्ही शाळेच्या पटांगणात फक्कीने ४ मीटरचा मांटा काढला. भोवती ३ मीटरवर रेघ आखली. मुलं रेघेवर उभी राहिली. तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आपण त्याला आवडलो, हे कसं कळणार?"

मी म्हटलं, "तो निघून गेला नाही, की समजायचं."

तुमच्या अंगणात बुलबुलाने घरटं बांधलं, तर तुम्हीही मनात अशी एक रेघ आखा. पक्षी किती अंतरावर दचकतो ते बघा, त्याहून चार पावलं मागे थांबा आणि काय काय दिसतं ते वहीत लिहून ठेवा. पानं पुरणार नाहीत, बघा!