तळघराची ओल

जमिनीस रंग दिला कीं ती कोरडी होते, असा समज पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांतहि आढळतो. तापानें फणफणलेल्या मुलास नवा अंगरखा चढवून तें बरें झालें म्हणण्यासारखेंच हें आहे.

आमच्या पुण्यांतील घरास तळघर आहे. वडिलांनीं १९६८ सालीं घर बांधलें तेव्हां तेथें काँक्रीटचा कोबा केला. त्याखालीं ओल अडविणारा थर मात्र घातलेला नाहीं. माडीवरील एक खोली वडिलांच्या पोथ्यांनीं भरलेली. गतवर्षीं वैशाखांत पुतण्याचें लग्न झालें आणि प्रश्न उभा राहिला. पोथ्या तळघरांत नेल्या तर खोली मोकळी होते. न नेल्या तर नव्या जोडप्यानें निराळें बिऱ्हाड पाहावें. ओलीपायीं एका घराचीं दोन घरें होण्याची ही वेळ!

धाकट्या बंधूंनीं ज्येष्ठांत एका रंगाऱ्याकडून कोब्यास तांबडा तैलरंग देवविला. आषाढांत रंगास फोड आले, आणि फोड फुटले तेथें खालीं पांढरा लोणा दिसूं लागला. रंगारी दुसरा हात द्यावयास तयार होता. आम्हीं त्यास थांबविलें.

काँक्रीट पाषाणासारखें दिसतें, परंतु त्यांत असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात. वात जसें तेल वर ओढते तसें तें भूमींतील पाणी वर ओढतें. पाणी वाफ होऊन जातें व बरोबर आलेले क्षार पृष्ठभागीं राहतात, हाच लोणा. वर रंगाचें झांकण पडलें कीं ओल त्या रंगासच उचलते. तथापि सर्वच ओल भूमींतून येते असें नव्हे. दमट हवेंतील बाष्पहि थंड कोब्यावर जमतें. निवाडा सोपा आहे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी कडा चिकटवून एक दिवस जमिनीवर ठेवावा. पाणी कागदाखालीं जमलें तर दोष भूमीचा, वर जमलें तर हवेचा. आमच्या येथें तें खालीं जमलें.

बंधूंनीं थट्टेनें विचारलें, "अण्णा, तुमच्या संस्कृतांत यावर कांहीं तोड आहे का?" वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेप सांगितला आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं फळें, कच्चीं कवठें, सांवरीचीं फुलें, वेखंड इत्यादींचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवून, त्यांत राळ वगैरे घालून देवालयें, भिंती, विहिरी यांस तो कढत द्यावा. नव्या सूनबाई म्हणाल्या, "काका, पण विहिरींत पाणी आंतून, आणि आपल्याकडे बाहेरून!" प्रश्न मार्मिक होता. ज्या अंगानें पाणी येतें त्या अंगाचा लेप पाण्याच्या दाबानें भिंतीस चिकटतो. पलीकडचा ढकलला जातो. म्हणून आंत लेप देण्यापूर्वीं बाहेरचें पाणी वळविलें पाहिजे.

पागोळ्या थेट भिंतीलगत पडत होत्या व अंगणाचा उतारहि घराकडेच होता. पन्हळ बसविली, मातीची भर घालून उतार फिरविला. खर्चाच्या मानानें सर्वांत मोठा गुण यानेंच आला. दिवाळीनंतर आंतील रंग खरवडला, लोणा तारेच्या ब्रशानें काढला, भेगा रुंद करून सिमेंटानें भरल्या. कोणी कोबा आम्लानें धुवावयास सांगतात. तसें करणें झाल्यास आम्ल पाण्यांत ओतावें, पाणी आम्लांत कधींहि ओतूं नये. पण बंदिस्त तळघरांत ती वाफ घातक. आम्हीं घासण्यावरच भागविलें. मग सिमेंट व पॉलिमर यांच्या लेपाचे दोन हात, एक उभा व एक आडवा. तो पुरता वाळल्यावर व कागदाची परीक्षा पुन्हां घेतल्यावर दोन भागांचा एपॉक्सी रंग. हा रंग कालवला कीं लौकर घट्ट होऊं लागतो, तेव्हां लागेल तेवढाच कालवावा.

जमीन आतां आरशासारखी दिसते व बंधू पोथ्या उतरविण्याची घाई करतात. एक पावसाळा जाऊं द्यावा, असें आमचें म्हणणें. तोंवर तळघरांत बंब, रिकाम्या बरण्या व पाट ठेवले आहेत. पुतण्या व सूनबाई आमच्या खोलींत राहतात. आम्ही माडीवर, पोथ्यांच्या शेजारीं अंथरूण घालतों.