स्पंजिंग कुणाचं काम?

नर्सिंग हे व्हाइट कॉलर काम की ब्लू कॉलर, असा विषय निघाला की आमच्यातल्या बहुतेकींचं उत्तर तयार असतं. चार वर्षांची पदवी आहे, कौन्सिलची नोंदणी आहे, म्हणजे व्हाइट कॉलरच. या उत्तराची घाई समजण्यासारखी आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि रमाबाई रानडे यांनी विधवांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. या कामाला बुद्धी लागत नाही, ही काही त्यांची तक्रार नव्हती. परक्या माणसाच्या देहाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, हे त्यांना हलकं वाटत होतं. विलायतेत तरी निराळं काय होतं? १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेलबाईंची शाळा निघाली. पुढे तिथे फी भरणाऱ्या घरंदाज विद्यार्थिनी आणि साध्या पगारी विद्यार्थिनी असे दोन थर पडले, आणि मोठ्या पदांसाठी घडवल्या जात त्या घरंदाज मुली. तेव्हा पांढऱ्या कॉलरची आमची ओढ ही बरीचशी त्या हलकेपणापासून लांब पळण्याची ओढ आहे. माझं म्हणणं असं, की पळण्यासारखं त्यात काही नाही. उलट ज्या कामापासून आपण पळतो तिथेच आपलं शिक्षण सर्वांत जास्त कामाला येतं.

स्पंजिंगच घ्या. बाहेरून पाहणाऱ्याला ते अंग पुसणं वाटतं. पण अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला कुशीवर वळवलं की माकडहाडावरची लाली दिसते. तिच्यावर बोट दाबायचं. त्वचा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही लाली हटली नाही तर बेडसोअरची सुरुवात झालेली आहे, कातडी शाबूत दिसत असली तरी. त्याच पाच-दहा मिनिटांत पोटऱ्यांची सूज, सलाइनच्या सुईभोवतीचा ताठरपणा, वळवताना लागलेली धाप, काल नीट उत्तरं देणाऱ्या आजोबांचं आजचं असंबद्ध बोलणं, हे सगळं हाताखालून आणि कानावरून जातं. मॉनिटर यातलं फारच थोडं सांगतो. इथे हात कुठे संपला आणि डोकं कुठे सुरू झालं, हे मला तरी दाखवता येणार नाही. आणि वळवणं हीसुद्धा खरीखुरी अंगमेहनत आहे. अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने पेशंट हाताने उचलण्याची सुरक्षित मर्यादा ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो सांगितली आहे. आमच्या वॉर्डांत १६ किलोचे पेशंट फक्त बालरुग्ण विभागात भेटतात.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: मग ते काम मावशींना द्या, शिकलेल्या सिस्टरने औषधं, चार्ट आणि नोट्स बघाव्यात. मावशींच्या कसबाबद्दल मला आदर आहे, पण त्यांना त्या लालीचा अर्थ कुणी शिकवलेला नसतो, आणि तो ओळखण्याची जबाबदारीही त्यांच्यावर नसते. याबाबत पुरावाही आहे. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या तीनशे रुग्णालयांचा अभ्यास आला. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटमध्ये, एका नर्सवर एक पेशंट वाढला की ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ती ७ टक्क्यांनीच कमी होत होती. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी माणसाजवळ पोचणारे हात आणि त्या हातांचं शिक्षण, दोन्ही तितकेच वजनदार दिसतात. पदवीधर बाईला टेबलाशी बसवून ठेवलं तर तिच्या पदवीचा पेशंटला उपयोग काय? बरं, हाताने काम केलं की कॉलर निळी होते म्हणावं, तर सर्जन दिवसभर दुसरं काय करतो? त्याच्या कॉलरबद्दल कुणी विचारत नाही. खटकतो तो हात नव्हेच. तो हात कुणाचा, कशाला लागतो आणि कुणाच्या हुकमाने चालतो, हे बघितलं जातं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: स्वतःला कामगार म्हणवून घेतलं तर व्यवसायाची प्रतिष्ठा जाईल. पण प्रतिष्ठेने काय पदरात पडतं? १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की शाळा हा उद्योग असला तरी शिकवणं हे उदात्त कार्य आहे, शिक्षक कायद्याच्या व्याख्येतला ‘कामगार’ नव्हे. गौरव झाला, आणि औद्योगिक विवाद कायद्याचं संरक्षण गेलं. ‘सेवा’ म्हणवून घेणाऱ्या आम्ही हा निकाल लक्षात ठेवायला हवा. उलट १९६० साली याच न्यायालयाने रुग्णालयाला उद्योग ठरवलं, तो खटला मुंबईच्या जे. जे. समूहातल्या वॉर्डातल्या नोकरांचा होता. (१९७० साली तो निकाल फिरला, १९७८ साली पुन्हा उभा राहिला.) रुग्णालय उद्योग ठरलं याचं श्रेय पदवीधरांकडे जात नाही, बेडपॅन उचलणाऱ्यांकडे जातं. पगाराचंही तेच. सातव्या वेतन आयोगात केंद्र सरकारच्या नर्सचं मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं. खासगी रुग्णालयांसाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर समिती नेमावी लागली, आणि ५०पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणी किमान २०,००० तरी द्या, अशी तिची शिफारस होती. पदवी तीच, नोंदणी तीच. कॉलर पदवीने पांढरी होत असती, तर ही शिफारस करायची वेळ आली नसती.

म्हणून मी स्वतःला शिकलेली कामगार म्हणते, आणि या दोन शब्दांत मला विरोध दिसत नाही. विरोध दिसतो तो बढतीच्या पद्धतीत. अधिपरिचारिकेची परिसेविका झाली, पुढे अधिसेविका झाली, की दर पायरीला ती खाटेपासून एकेक पाऊल लांब जाते: ड्यूटी लावणं, इंडेंट, स्टॉक, रजिस्टर. पंधरा-वीस वर्षांत जो हात तयार झाला, त्याला बक्षीस म्हणून आपण पेन देतो, आणि बेडसोअर शोधायला काल रुजू झालेली मुलगी उरते, तीही चाळीस पेशंटमागे एकटी. खाटेशी राहूनच वरचा पगार आणि वरचं पद मिळेल अशी वाट आमच्या संघटनांनी मागायला हवी. गणवेश भत्त्याइतक्याच चिकाटीने.